उतारूंची शर्यत

"पप्पा, मे महिन्यात आपल्याकडं कुणाकुणाची लग्नं आहेत ते आत्ताच सांगा," मी म्हणाले. "नंतर सांगितलंत तर मी येणार नाही."

"तुझं धरून सांगू का सोडून?" पप्पांनी विचारलं.

आई चुलीपाशी खुदकन हसली. मी हसले नाही, कारण माझं काम गंभीर होतं. भिंतीवरची दिनदर्शिका काढून मी जमिनीवर पसरली होती, हातात लाल स्केचपेन होतं. होळी नुकतीच झाली होती आणि मला अख्खा उन्हाळा तिथल्या तिथं ठरवून टाकायचा होता.

मी तेव्हा आठवीत होते, आता दहावीत आहे. म्हणजे फार वर्षं झाली नाहीत. पण ती केतकी उतेकर आठवली की मला तिचा हात धरून तिला खाली बसवावंसं वाटतं. त्या वर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनात मी पहिल्यांदा माईकवर बोलले होते, लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या, आणि तेव्हापासून मला वाटायचं की आपण बोलायला लागलो की जग ऐकायला बसतं.

आमचं खिरवंडी गाव डोंगरातल्या तलावाच्या काठावर आहे. धरणाचं पाणी आहे, पण सगळे तलावच म्हणतात. इथं निम्म्या घरांतला कुणी ना कुणी बोट क्लबात नाव चालवतो. पप्पा इंजिनची लाँच चालवतात. त्या उन्हाळ्यात क्लबाला गानू सर म्हणून नवीन मॅनेजर मिळाले. त्यांनी जाहीर केलं की पर्यटकांना बघायला काहीतरी पाहिजे, म्हणून मुलींसाठी नाव वल्हवायच्या तीन शर्यती होतील. एका नावेत दोघी, दोघींना एकेक वल्हं. पाडव्याला छोटी शर्यत, अक्षय तृतीयेला या काठावरून त्या काठावर, आणि मे संपता संपता शेवटची, उतारूंची शर्यत. त्यात नावेत घरातलं एक मोठं माणूस बसवायचं, कारण आमच्या नावा शेवटी माणसं न्यायलाच आहेत. त्यानंतर नावा पाण्यातून ओढून काठावर पालथ्या घालतात, त्या पावसाळा संपेपर्यंत.

तिन्ही मिळून जी जोडी पहिली येईल तिनं क्लबाच्या नव्या कोऱ्या नावेचं नाव ठरवायचं. बक्षीस एवढंच. पण पांढऱ्या नावेवर निळ्या अक्षरांत आपण ठरवलेलं नाव, आणि ते पुढची दहा-पंधरा वर्षं या काठावरून त्या काठावर जाणार. मला रात्री झोप लागेना. मी तर नावही ठरवलं होतं. 'केतकी'.

"आणि परीक्षा?" आईनं विचारलं.

"ती निळ्या पेननं केलीय."

"बारीक दिसतीय."

"आई, तू बसशील उतारू म्हणून? तू एवढीशी आहेस, वजनच नाही तुझं."

"मला पाण्यावर मळमळतं," आई म्हणाली. "आणि पाय हलवू नको."

पाय हलवायची मला सवय आहे. बसले की उजवा गुडघा आपोआप नाचायला लागतो. आणि पाण्यावर मळमळतं हे आईचं नेहमीचं होतं. पलीकडच्या काठावर शुक्रवारचा बाजार भरतो. नावेनं गेलं तर चहा होईतो पोचतो. आई एस.टी.नं तलावाला वळसा घालून जायची, त्यात अर्धा दिवस जायचा. नाववाल्याच्या बायकोला नाव लागते, म्हणून बायका तिला चिडवायच्या. ती हसायची आणि पिशवी घेऊन स्टँडवर जायची.

माझी जोडीदार निशिगंधा ढेबे, वरच्या धनगरवाड्यातली. निशी कमी बोलते. त्यामुळे आमची जोडी जमली, असं आमच्या बाई म्हणायच्या. उतारू म्हणून निशीची आई यायचं कबूल झालं. मी दिनदर्शिकेवर तीन तारखांना लाल गोल काढले आणि उन्हाळा सुरू झाला.

पाडव्याची शर्यत ईश्वरी जंगमनं जिंकली. तिच्याबरोबर तिची मामेबहीण होती, जिचे दंड माझ्या पोटऱ्यांएवढे होते. आम्ही दुसऱ्या आलो.

"चांगलं झालं की," निशी म्हणाली.

"काय चांगलं? मला दुसरा नंबर नकोच आहे. आपण आता डोकं वापरायचं."

डोकं वापरायचं म्हणजे काय हे मला दुसऱ्या दिवशी पाण्याकडं बघताना सुचलं. आमच्या धक्क्यावरून पलीकडच्या काठाकडं निघालेली प्रत्येक नाव मध्यावर जाऊन वाकडी होते. सरळ जायचं सोडून उजवीकडून मोठा वळसा घेते आणि मग परत रांगेला लागते. लाँचसुद्धा. मी जन्मल्यापासून बघत होते. विचारलं की सगळे एकच सांगायचे, तिथं गाळ आहे, वल्हं अडकतं. पर्यटकांनाही तेच सांगायचे.

मी निशीला घेऊन तिथं गेले. विहिरीचा जुना दोर होता, त्याला दगड बांधला आणि सोडला. दोर गेला, गेला, संपला. दगड लोंबकळतच राहिला.

"गाळ कुठाय?" मी विचारलं.

"असेल खाली," निशी म्हणाली.

"एवढ्या खाली असला तर तो वल्ह्याला काय करणार? सगळे उगाच वळसा घालतायत. कुणीतरी कधीतरी म्हणालं असेल आणि बाकीचे मान डोलावत बसले. आपण सरळ जायचं."

निशी दोर गुंडाळत होती. "सगळेच कसे वेडे असतील?" ती म्हणाली.

"असतात," मी म्हणाले. मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं.

अक्षय तृतीयेला मी गानू सरांना विचारून घेतलं, "सर, मधल्या रस्त्याचा काही नियम आहे का?" ते म्हणाले, "इथून निघायचं, तिथं पोचायचं. मधलं तुमचं तुम्ही बघा." झालं. शिट्टी वाजली, बाकीच्या नावा मध्यावर जाऊन शिस्तीत वळल्या, आणि आम्ही बाणासारख्या सरळ गेलो. पलीकडं पोचून, पाणी पिऊन, नावेवर पाय पसरून बसलो तेव्हा ईश्वरी येत होती. तिचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

टाळ्या मात्र वाजल्या नाहीत. म्हणजे पर्यटकांनी वाजवल्या. नाववाले काठावर उभे होते तसेच उभे राहिले. तात्या सकपाळ, आमच्यातले सगळ्यांत जुने नाववाले, तंबाखू मळत म्हणाले, "वल्हं झकास मारता गं पोरींनो." आणि तंबाखू तोंडात टाकून चालायला लागले. माझी नाचायची तयारी होती, पण नाचायला कुणी उरलं नाही.

घरी आले तर आई झोपली होती, दिवसाढवळ्या. आमच्या धक्क्यावर ती शर्यत बघायला आली होती हे मला माहीत होतं, तिची हिरवी साडी मला दिसली होती. पण आम्ही मध्यावर असतानाच ती पाठ फिरवून चालायला लागली होती. मला वाटलं, पाण्याची भीती, बघवलं नसेल.

"पप्पा, मी पहिली आले."

"कळलं."

"मग?"

"मग काय? जेव आता," पप्पा म्हणाले आणि माझ्या ताटात स्वतःच आमटी वाढली. ते कधी वाढत नाहीत.

म्हणजे गुण सारखे झाले. एक शर्यत ईश्वरीची, एक आमची. आता सगळं उतारूंच्या शर्यतीवर. मी सुट्टीत एक दिवस स्वस्थ बसले नाही. सकाळी वल्हं, संध्याकाळी वल्हं, मध्ये धनगरवाड्याच्या चढावर पळणं. निशीच्या हातांना फोड आले तरी ती हळद लावून यायची. मग शर्यतीच्या आदल्या दिवशी ती आमच्या दारात येऊन उभी राहिली, चप्पल न काढता.

"आई येत नाही उद्या," ती म्हणाली. "मामाच्या पोरीची हळद आहे. आज ठरलं."

"आज ठरलं? हळद असं आज ठरवून उद्या कशी असेल?"

"नवऱ्या पोराची रजा उद्याचीच आहे."

मी दिनदर्शिकेकडं बघितलं. सगळ्या लग्नांचा बंदोबस्त मी केला होता, फक्त धनगरवाड्यातली विचारायची राहिली होती. "तुझी आजी?"

"ती तर आधी गेली. ती हळदीशिवाय राहतीय का?"

पप्पांना शर्यतीच्या वेळी लाँचवर थांबायचं होतं. तसेही ते बसले की नाव मागच्या बाजूनं पाण्यात बसते. राहिलं कोण? आई काठवटीत भाकरीचं पीठ मळत होती. मी तिच्यासमोर जाऊन बसले. गुडघा नाचायला लागला.

"आई."

"नाही."

"अजून मी काही बोलले नाही."

"तुझा गुडघा बोलला."

"फक्त एकदा. डोळे मिटून बस. लिंबू देते, आवळा सुपारी देते. निशीचे हात बघ जरा. निशी, दाखव हात."

निशीनं हात मागं घेतले. "राहू दे, काकी," ती म्हणाली. "नाही गेलो तरी चालेल."

आई पीठ मळायची थांबली. "ती ईश्वरी कुठनं जाणार?" तिनं विचारलं.

"ती आता सरळच जाणार. आमचं बघून शहाणी झाली ना."

"आणि तुम्ही?"

"आम्ही पण. वळसा घातला तर हरलोच." मी काठवटीच्या कडेला सांडलेलं पीठ बोटानं पसरलं आणि त्यात तलाव काढला. हा आपला धक्का, हा तिकडचा धक्का, आणि मध्ये एक सरळ रेघ. "हे बघ. हे असं."

आई त्या रेघेकडं बघत राहिली. मग तिनं पिठाचं बोट त्या रेघेच्या मध्यावर ठेवलं आणि तसंच दाबून धरलं.

"मी नाही आले तर दुसरं कुणी बसवाल?"

"कुणालाही बसवीन. तात्यांच्या म्हशीला बसवीन."

"आणि इथनंच जाल."

"इथनंच."

"येते मी," आई म्हणाली.

पप्पा दारात पाय धूत होते. त्यांनी मान वर केली आणि आईकडं बघितलं. "नक्की?" त्यांनी विचारलं.

"पोरी काय ऐकणार आहेत का?" आई म्हणाली, आणि पिठावरचा तलाव हातानं पुसून टाकला.

दुसऱ्या दिवशी आई त्या हिरव्या साडीवर लाईफ जॅकेट घालून धक्क्यावर आली. पप्पांनी तिचे पट्टे आवळून दिले. ती नावेत बसली ती दोन्ही हातांनी कडा धरून. नावेत वल्हं मारणाऱ्यांची पाठ पुढं असते, म्हणजे आम्हाला मागचं दिसतं, जायचंय ते दिसत नाही. पुढचं सगळं दिसतं ते समोर बसलेल्या उतारूला. म्हणून रस्ता उतारूनं सांगायचा.

"आई, डावं-उजवं म्हणू नकोस. आम्ही उलट्या बसलोय, गोंधळ होतो. निशीकडं किंवा केतकीकडं, एवढंच म्हण. ज्या बाजूला जायचं तिचं नाव."

"बरं."

"आणि डोळे मिटलेस तर आपण डोंगरात घुसू."

शिट्टी वाजली. आई खरंच डोळे मिटून बसली. मी वल्हं मारता मारता ओरडत होते, "आई, उघड. आई, कुठं चाललोय?" ईश्वरीची नाव आमच्या शेजारून पुढं सटकली. तिच्या नावेत तिचे काका बसले होते आणि तरीही नाव सुसाट चालली होती, त्या मामेबहिणीच्या दंडांमुळं. बाकीच्या नावा वळशाला लागल्या. ईश्वरी सरळ.

"काकी," निशी हळूच म्हणाली. "मध्य आला."

आईनं डोळे उघडले. ती आमच्या डोक्यांवरून पुढं बघत होती, पलीकडच्या डोंगराकडं. तिथं दोन सुळके आहेत, नवरा आणि नवरी. आमच्या गावातून ते एकमेकांपासून लांब दिसतात, रुसल्यासारखे.

"केतकीकडं," ती म्हणाली. "अजून. अजून थोडं. आता सरळ."

"आई, हे वाकडं होतंय."

"मी सांगते तसं चल."

तिचा आवाज वेगळाच होता. घरात ती असं कधी बोलत नाही.

"आता निशीकडं. हळू. ही सखूमावशीची पडवी, हिच्यावरनं नको. हां, आता सरळ. हा पाणवठ्याचा रस्ता. असंच चला."

मी निशीकडं बघितलं. निशी माझ्याकडं बघतच नव्हती, ती आईच्या तोंडाकडं बघत होती आणि वल्हं मारत होती, एकदम हलक्या हातानं, पाणी न उडवता.

"केतकीकडं थोडं. हे मारुतीचं देऊळ गेलं बघ निशीच्या बाजूनं. इथं बैलगाडी वळायची नाही, आमचे अण्णा रोज शिव्या द्यायचे."

आता मला कळलं. आईचं माहेर पाण्यात गेलं हे मला माहीतच होतं. आंबेखोल नावाची वाडी होती, आई चौथीत असताना धरण भरलं, सगळ्यांना खाली सपाटीवर जमिनी मिळाल्या. माझं आजोळ तिकडंच. आंबेखोल कुठं होतं म्हणून लहानपणी मी विचारलं तर आई म्हणाली होती, "तळ्यात." तळं एवढं मोठं. कुठं तळ्यात ते मी कधी विचारलं नाही. नाववाले पर्यटकांना गाळ सांगायचे, नाहीतर सगळ्यांनी तिथंच थांबून फोटो काढले असते, आणि आम्हा पोरांनाही तेच सांगून ठेवलं होतं. खिरवंडीच्या सगळ्या नावा वर्षानुवर्षं अख्ख्या वाडीला वळसा घालत होत्या. लोकांच्या घरांवरून, देव्हाऱ्यांवरून जायचं नाही म्हणून.

पण आई वळसा घालत नव्हती. ती आम्हाला वाडीतून नेत होती, आळीनं, दोन्हीकडच्या घरांच्या मधल्या वाटेनं.

मी मान वळवून पुढं बघितलं. डोंगरावर आता एकच सुळका होता. नवरी नवऱ्याच्या मागं गेली होती.

"आमच्या आळीतनं एकच दिसायचा," आई म्हणाली. "लग्न होऊन खिरवंडीला आले तेव्हा कळलं मला, दोन आहेत ते."

आळीचा रस्ता वळशापेक्षा पुष्कळ जवळचा होता. वळशाला गेलेल्या नावा कुठल्या कुठं मागं राहिल्या. ईश्वरी पुढं होती, पण दोन नावांएवढीच, आणि तिच्या मामेबहिणीचं वल्हं आता जड पडायला लागलं होतं. ते मला तिच्या नुसत्या आवाजावरून कळत होतं. माझ्या दंडांत अजून पुष्कळ जोर होता. तोच शेवटी काढायचा म्हणून महिनाभर साठवला होता.

"निशी, आता," मी म्हणाले. "जोर लाव."

कड्यावर धबधब्याचा पट्टा आहे. पावसाळ्यात पांढरा, उन्हाळ्यात काळा. तो आमच्या बरोबर बाजूला आला.

"थांब," आई म्हणाली.

"काय?"

"थांबव. अंगण आलं."

निशीचं वल्हं अर्धं पाण्यात होतं. तिनं माझ्याकडं बघितलं. ती काही म्हणणार नव्हती, मी म्हणेन तसं ती करणार होती. ईश्वरीच्या नावेचा आवाज लांब जायला लागला. पांढऱ्या नावेवरची निळी अक्षरं मला स्पष्ट दिसत होती, काना-मात्रेसकट. आणि आई माझ्याकडं बघत नव्हती. ती कडेवरून वाकून खाली बघत होती, एखाद्या घरात कुणी आहे का बघतात तशी.

मी वल्हं वर उचललं आणि मांडीवर आडवं धरलं. निशीनंही धरलं. नाव स्वतःच थोडी पुढं गेली आणि थांबली.

पाणी हिरवं होतं. खाली काही दिसत नव्हतं. आईनं हात पाण्यात घातला, मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत. बांगड्या पाण्यात गेल्या आणि त्यांचा आवाज बंद झाला.

"इथं तुळस होती," ती म्हणाली. "आणि दाराला कडी नव्हती लावली. आई म्हणाली, कशाला लावायची?"

 माझा गुडघा नाचायला लागला होता. मला तो थांबवता येईना. आईनं दुसरा हात न बघताच त्याच्यावर ठेवला. पलीकडच्या काठावर लोक ओरडत होते, गानू सर माईकवर काहीतरी विचारत होते. आम्ही तिघी तिथं बसून होतो. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मी आयुष्यात एवढा वेळ एका जागी बसले नव्हते.

मग आईनं हात बाहेर काढला आणि ओल्या तळव्यानं डोक्यावरून पदर सारखा केला.

"चला," ती म्हणाली. "मारा वल्ही. बघता काय? ती पोरगी पोचली बघ."

आणि आम्ही मारली. मी तशी वल्ही परत कधी मारली नाहीत. आई "केतकीकडं, निशीकडं" करत होती, आळी संपली, पाणवठा संपला, आणि आईनं दोन्ही हात सोडून आम्हाला "जोरात, जोरात" म्हणून खुणा केल्या. ईश्वरी धक्क्याला लागली तेव्हा आम्ही तिच्या मागोमागच होतो. पण मागोमाग म्हणजे दुसरा नंबर.

नव्या नावेचं नाव ईश्वरीनं 'क्वीन' ठेवलं. अजून तेच आहे, फक्त पुसट झालंय.

पप्पांनी लाँच सोडून धक्क्यावर येऊन आमची नाव ओढली. त्यांनी आधी आईच्या तोंडाकडं बघितलं, मग तिच्या कोपरापर्यंत भिजलेल्या हाताकडं.

"मळमळलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग मध्येच का थांबलात?"

"माहेर लागलं वाटेत," आई म्हणाली.

 पप्पा तिच्या लाईफ जॅकेटचे पट्टे सोडत राहिले.  तात्यांच्या हातातली तंबाखू तशीच राहिली होती.

"चहा तरी घेतलास का?" पप्पांनी विचारलं.

"कुठला चहा?" आई धक्क्यावर पाय ठेवत म्हणाली. "पोरींना घाई होती."